तळ्यासाठी एक हिवाळा

शिल्पा, बाय, बाराव्याला आलेली माणसं गेली. भांडी ज्याची त्याला पोचवली, मांडवाचे वासे काढून नेले, आणि घर असं रिकामं झालंय की चुलीवरच्या पाण्याला आधण येतं ते मला पुढच्या जनेलापाशी ऐकू येतं. त्या खिडकीखालच्या मेजावर तुझा फोटो ठेवलाय. माझ्या महेशने मोठा करून आणला. लग्नातला आहे. मला तो पसंत नाही. त्यात तू तोंड मिटून बसली आहेस, आणि तोंड मिटून बसलेली तुला मी या घरात कधी बघितली नाही.

तू काय शिकलीस, कुठे नोकरीला होतीस, ते सगळं महेशच्या मित्राने पेपरात दिलं. बरं दिलं. पण सून म्हणून तू कशी होतीस, ते सासूशिवाय कोण लिहिणार? मी चौथीपर्यंत गेलेली बाई. पुढचं वाचणं देवळातल्या पोथ्यांवर झालं, आणि पाववाला पदेर उंडे गुंडाळून द्यायचा त्या पेपराच्या तुकड्यांवर. अर्धी बातमी मिळायची, उरलेली मी मनाने पुरी करायची. तूच मला म्हणायचीस, "आई, तुमी उलयतात तशेंच बरयात, चूक जावची ना." तर बोलते तसंच लिहिते. चुकलं तर आता सांगायला तू नाहीस.

तुझं काम मला कळायला फार वर्षं लागली. लोकांना मी सांगायची, सून पणजीला ऑफिसात कॉम्प्युटरवर असते. कॉम्प्युटरवर काय करते, ते मला कुठे ठाऊक? एकदा तू तो तुझा लॅपटॉप रांधपाच्या मेजावर उघडलास, माझे अर्धे चिरलेले बांगडे बाजूला सारून. चित्रात सगळा गाव तांबडा. डोंगर तांबडा, पोफळीची कुळागरं तांबडी, वाडा तांबडा. माझ्या हातातली सुरी थांबली. मी म्हटलं, "शांतं पापं. खाणीचो गाळ हंगा खय पावलो?"

तू हसत सुटलीस. चहा नाकात गेला तरी हसत होतीस. मग सांगितलंस, की आकाशातून फिरणारा उपग्रह थोड्या थोड्या दिवसांनी आपल्यावरून जातो आणि जमिनीचं चित्र घेतो. पानांतून एक उजेड परततो, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, त्या यंत्राला दिसतो. तो दिसावा म्हणून चित्रात तांबडा रंग देतात.

"तांबडें दिसता तें जितें, आई. उदक काळें दिसता. आनी उगडी माती दिसता ती फिकी, धवी."

"तुझ्या माहेरी तांबडं म्हणजे मेलेलं," मी म्हटलं.

तू हसायची थांबलीस. मी सहज बोलले होते. मुळगावला तुझ्या बाबांच्या शेतात खाणीवरचा गाळ उतरला होता, हे मला सोयरीक जमली तेव्हाच सांगितलं होतं. पण ते शेत तुझ्या पोटात अजून तसंच आहे हे मला त्या दिवशी कळलं. तू म्हणालीस, की शेत कुठवर होतं हे सांगायला बाबा कचेरीत गेले तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. सगळ्या वाड्याने पाहिलेलं शेत. पण चित्र कोणी ठेवलं नव्हतं. पुढे तू हे काम शिकलीस तेव्हा जुनी चित्रं शोधून काढलीस, आणि तुला ते शेत सापडलं, जितं, बोटाच्या नखाएवढं. बाबांना दाखवलंस तर ते म्हणाले, "आतां कित्याक?" आता कशाला.

त्याच दिवशी मी तुला विचारलं होतं, या चित्रात मी कुठे? तू सांगितलंस, माणूस दिसत नाही. आपलं सगळं खळं मिळून एक टिपका. मी म्हटलं, "मग मी रोज सारवते तें फुकट?" तर तू चैत्रातलं चित्र काढलंस. आपण वायंगणाचं, हिवाळ्यात लावलेलं भात खळ्यात वाळत घालतो तेव्हा तो टिपका उजळ होतो, दरवर्षी. मी चष्मा लावून बघितलं. खरंच होता. मी ते वाड्यावर सगळ्यांना सांगत सुटले. शेजारच्या पार्वतीला म्हटलं, माझं खळं आकाशातून दिसतं. ती म्हणाली, "मगे आतां तरी बरें सारय."

त्यानंतर मी रोज तुझ्या पाठीशी कदेल ओढून बसायला लागले. महेश म्हणायचा, लोकांच्या घरी सासू-सुना टीव्हीवर मालिका बघतात, आमच्या घरी तळं बघतात. तळं म्हणजे आपल्या वाड्याखालचंच. वर्षामागून वर्षाची चित्रं तू एकावर एक ठेवून पानं उलटावीत तशी उलटायचीस. तळं तिथेच, आणि त्याच्या वरच्या डोंगरावर फिके टिपके. आधी एक. मग तीन-चार जवळजवळ. मग एक पांढरी रेघ, म्हणजे रस्ता. मी तुझ्याशी वाद घातला, की तिथे आमच्या काजी आहेत, मी सून म्हणून आले तेव्हापासून बोंडू वेचलेत. तू हळूच म्हणालीस, "काजी गेल्यो, आई." गुडघे धरल्यापासून मी डोंगरावर गेले नव्हते, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. विमानतळ झाला आणि डोंगराला भाव आला, हे ऐकून होते. पण माझ्या डोंगराची साल निघालेली मी माझ्या रांधपाच्या मेजावर बघितली. तू माझा हात धरून बसलीस. बांगडे तसेच राहिले, ते मांजराने नेले.

त्या दिवसाचे उपकार कसे फेडू, सांग. माझ्या वयाच्या बाईला कोण असं बसवून शिकवतं? लोक आम्हाला जप शिकवायला येतात.

आता त्या गोष्टीवर येते. येऊ नये असं वाटतं, पण दुसरीकडे कुठे जाऊ?

राखायच्या पाणथळींची यादी निघाली, तीत आपलं तळं नव्हतं. तुला आधी वाटलं, कोणीतरी मुद्दाम गाळलं. मग तू चित्रं लावून बघितलीस आणि कपाळाला हात लावलास. पावसात आपलं तळं काठोकाठ भरतं, पण तेव्हा वर ढग असतात. चित्रात नुसता कापूस. ढग सरतात दिवाळीच्या सुमाराला. आणि आपण काय करतो? तुळशीचं लग्न लावतो, आणि त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी बांधाच्या दाराच्या फळ्या काढून पाणी खाडीला सोडतो. उघड्या पडलेल्या चिखलात वायंगण लावतो. उपग्रहाला आकाश मोकळं मिळतं तेव्हा खाली भाताचे चौकोन. ज्याने ते चित्र बघितलं त्याने लिहिलं, शेत. ढगांतून बघणारा दुसरा उपग्रह आहे म्हणालीस, पण त्याचं चित्र राखेसारखं. ते तू साहेबांना दाखवलंस, तर त्यांना त्यात तळं कुठलं आणि डोंगराची सावली कुठली ते कळेना.

आणि वर आपला बाबलो. आपल्या तळ्यातलं अर्धं वायंगण तोच लावतो. कचेरीचा माणूस विचारायला आला तेव्हा हाच भेटला. तळं म्हटलं तर सरकार घेईल या भीतीने छाती काढून म्हणाला, "तळें बिळें कांय ना. हें आमचें शेत." तू त्याला किती बोललीस. तो म्हणाला, "शिल्पाबाय, माका कितें खबर, सरकार शेतापरस तळ्याक भियेता म्हणून?"

शेताचं सेटलमेंट, म्हणजे घरं बांधायची जमीन, करून घेणारे डोंगरावर येऊन बसलेच होते. शेताचं होतं, तळ्याचं करणं जड. तू धावपळ करून पुन्हा पाहणी मागितलीस, आणि पौषात माणसं येणार असं ठरलं. मग तू मला ते म्हणालीस. बांधावर उभ्या होतो आपण, पलीकडे जांभळ्या पाणकोंबड्या शेवाळातून चालत होत्या.

"आई, एकच वर्स फळयो काडूं नाकात. एक हिंवाळो तळें भरिल्लें दिसूं दियात."

फळ्या काढायचा मान आपल्या घराचा. बांधाचा देव राखणदार, त्याच्यापुढे नारळ आपला फुटतो, गाऱ्हाणं आपल्या घरातला पुरुष घालतो, पहिली फळी तोच काढतो. मग बाकीच्या फळ्यांना गाव हात लावतो. आपण नाही म्हटलं तर गाव थांबणार. तुला हे ठाऊक होतं, म्हणून तू पंचायतीत गेली नाहीस, माझ्याकडे आलीस.

मी नाही म्हटलं.

अजूनही मला माझं चुकलं असं वाटत नाही, शिल्पा, आणि त्यानेच जीव जातो माझा. मी तुला म्हटलं, तळं म्हणजे काही हंडा नव्हे, भरून ठेवायला. वर्षातून एकदा रिकामं होतं, नांगर फिरतो, म्हणून ते जिवंत आहे. पाणी कोंडून ठेवलेलं तळं कुजतं. पाणी उतरलं की चिखलात ते लांब चोचीचे पक्षी येतात, तूच मला दुर्बिणीतून दाखवलेस, ते कुठे जाणार? आणि बाबलो काय खाणार?

"पीक फुडल्या वर्सा येतलें, आई. तळें येवचें ना."

"तळें खय जातलें? बापजाद्यांपासून आसा."

"आमचें शेतूय आशिल्लें." मुळगावचं म्हणत होतीस.

जेवायला बसलो तरी आपलं चालूच. पक्ष्यांचं काय ते सांग, मी पुन्हा विचारलं. तू म्हणालीस, "एक वर्स तांकांय समजावन सांगूंया." मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही. महेश दोघींच्या मध्ये बसून माशाचे काटे काढत राहिला. त्या दिवशी माशाला काटेच फार होते. उठताना तू म्हणालीस, "फाल्यां उलोवया." उद्या बोलू.

उद्या तुला ताप होता. परवा जास्त. बांबोळीच्या इस्पितळात नेताना गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर. मध्येच डोळे उघडून विचारलंस, "आई, तरवो कितलो वाडलो?" वायंगणाच्या लावणीसाठी बाबलोने रोपं टाकली होती, तोच तरवा. मी म्हटलं, वीतभर. तू डोळे मिटलेस. ते तू का विचारलंस ग? लावणीला उशीर होतोय, पाणी सोडा, असं म्हणायचं होतं? की अजून वेळ आहे, आईला उद्या पटवते, असं? मी आडवी पडले की तेच. भिंतीला विचारते, तुझ्या फोटोला विचारते. तोंड मिटून बसलीस.

तुला मूल झालं नाही, त्यावरही आपण कधी बोललो नाही. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. तुला वाटलं असेल, सासूला राग आहे. राग नव्हता ग. शब्द नव्हते. एवढं बोलणारी मी, आणि तिथे नेमके नव्हते.

आपल्या घराला सुतक लागलं आणि तो सोमवार आला नि गेला. कोणी फळ्यांना हात लावला नाही. मानाच्या घरात सुतक, गाव थांबला. मला कशाचीच शुद्ध नव्हती. एका सकाळी पार्वतीने मला ओढून बांधापर्यंत नेलं, जरा पाय मोकळे कर म्हणून. आकाशात एक ढग नाही. आणि खाली तळं काठोकाठ भरलेलं, पाण्यात डोंगर उलटा, त्याची ती सोललेली जागासुद्धा. इतक्या वर्षांत त्या दिवसांत मी तळं भरलेलं बघितलं नव्हतं. मी तिथेच खाली बसले. तू एक हिवाळा मागितलास, मी दिला नाही, आणि तू मेलीस म्हणून तो तुला मिळायला लागला. माझ्या हातून नाही मिळाला. पार्वती मला उठवत होती, मला उठायचं नव्हतं.

सुतक फिटल्यावर बाबलो आला. आत आला नाही, खळ्याच्या कडेला उभा राहिला. "काकी, तरवो पिकत आयलो, लावणी रावची ना. महेशाक धाडशात? ना जाल्यार यंदा मान दुसऱ्या घराक दिवंया. तुमी सांगशात तशें." मी म्हटलं, संध्याकाळी ये.

तो सगळा दिवस मी वेड्यासारखी काढला. वाटलं, वरच्या दोन फळ्याच काढाव्यात; कडेची शेतं लावता येतील, मध्ये पाणी राहील. पण अर्धं पाणी तुझ्या चित्रात कसं दिसतं? तळं दिसतं की डबकं? कोणाला विचारू? महेशला म्हटलं, तो लॅपटॉप उघड. तो उघडेना. बंद लॅपटॉप मांडीवर घेऊन तुझ्या कदेलावर बसून राहिला. तुझ्या ऑफिसात फोन लावला. कोणीतरी चांगला मुलगा होता, म्हणाला, काकी, बघून सांगतो. त्याचा फोन आला नाही. त्याचाही दोष नाही, तुझं टेबल रिकामं बघून त्यालाही काही सुचत नसेल. वर डोंगर कापणाऱ्या मशीनचा आवाज येतच होता. तू गेल्याच्या दिवशीसुद्धा ते थांबलं नव्हतं. मग मी स्वतःच चित्र डोळ्यांसमोर आणायला बघितलं, तू शिकवलंस तसं. पाणी काळं, भात तांबडं, माती फिकी. सगळं एकमेकांत मिसळत होतं.

संध्याकाळी बाबलो आला. एक सोपं होतं: वर्षभर आमच्या घरात सण नाही, मान नाही, असं सांगायचं. रीतच आहे. कोणी काही म्हटलं नसतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण तुझ्या मरणाच्या आड उभं राहायला मन होईना.

मी म्हटलं, "बाबलो, सुतक फिटलं. आमी फळयो काडिनांव. पाहणी होईपर्यंत उदक रावतलें. मान दुसऱ्याक दिना."

त्याने खाली तळ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "काकी, उपग्रहाक पोट ना. माका आसा."

"आमच्या कणगीतलें भात व्हर. सगळें व्हर."

"भाताखातीर उलयना हांव." पायाने मातीत रेघ ओढत राहिला. "हें तुमी सांगतात, की शिल्पाबाय सांगता?"

"तिने मागितलं होतं. सांगते मी."

तो वळला. पायरीपाशी थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "हांवेंच सांगिल्लें न्हय त्या कचेरीच्या मनशाक, हें शेत म्हणून." आणि गेला. दुसऱ्या दिवशी पार्वतीने सांगितलं, त्याने तरवा उपटून गुरांना घातला. तो हिरवा भारा मी डोळ्यांनी बघितला नाही, बरं झालं.

आता माझ्यापाशी काय आहे, सांगते. भरलेलं तळं आहे. रिकामी बसलेली माणसं आहेत, देवळात माझ्याकडे बघतात आणि मान फिरवतात. पाहणीला माणसं येतील की नाही कोणी सांगत नाही. आली तर त्यांना चित्रं कोण समजावणार? महेशच्याने बोलवत नाही, आणि मी उभी राहिले तर ते म्हणतील, आजी, तुम्ही बसा. तरी उभी राहणार. चुलीपाशी उलथनं हातात घेऊन पाठ करते आहे, पाणी काळं, भात तांबडं, माती फिकी, आणि मध्येच रडू येतं, की पुढचं विसरते. गाऱ्हाणं बायकांनी घालायचं नसतं, म्हणून राखणदारापुढे बोलता येत नाही. तुझ्यापुढे बोलते. चुकले असेन तर सांग. माझं खरं असेल तर तेही सांग, कारण आता मला माझं खरंच ठरायला नको आहे. तू समोर असताना तुझं ऐकलं असतं तर तू केवढं नाचली असतीस. आता ऐकलं, तर घरात आधणाचा आवाज.

उपग्रह सकाळी उन्हं वर आली की आपल्यावरून जातो, असं तू म्हणाली होतीस. कुठल्या दिवशी ते मला कळत नाही, म्हणून मी रोज त्या वेळी बांधावर जाऊन उभी राहते. दिसणार नाही, ठाऊक आहे. ऑफिसातल्या तुझ्या कदेलावर पुढे कोणीतरी बसेल, तुझ्यासारखीच कोणी मुलगी, आणि यंदाची चित्रं लावून बघेल. तिला वाड्याखाली काळं काळं पाणी दिसेल, सबंध हिवाळाभर. ती खूश होईल. मग चैत्रातलं चित्र काढील, आणि तळ्याच्या वरच्या अंगाला एक टिपका, जो दरवर्षी उजळ व्हायचा, तो यंदा तसाच मातीचा राहिलेला दिसेल. ते आपलं खळं. मी सारवून ठेवलेलं असेल.